मैत्रिणींना पुस्तक सुचवायचं कसं? देवघेवीच्या टेबलावरून एक उत्तर

प्रश्न नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका मुलीचा आहे. ती मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या उद्योगवसाहतीत, नोकरी करते. कॉलेजपासूनच्या सात मैत्रिणींचा ग्रुप आहे. हातातल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो ती तिथे टाकते. चार बदाम येतात, एखादीचं ‘मस्त’ येतं, आणि विषय संपतो. दिवाळीत तिने दहा पुस्तकांची यादी करून पाठवली. त्यातलं ‘मृत्युंजय’ एकीने उत्साहाने विकत घेतलं, ते आठ महिने टीव्हीखालच्या कप्प्यात पडलं आहे. आता दोघींनाही त्यावर बोलायला अवघड वाटतं. तिने विचारलं आहे, ‘मी काय वाचतेय हे सांगावं कसं, मैत्रिणींना पुस्तक सुचवावं कसं, आणि कोणीच वाचलं नाही तर सांगत राहावं का?’

मी एकतीस वर्षं पश्चिम नागपुरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात देवघेव सांभाळली. सकाळी आणि संध्याकाळी, समोर रांग, हातात तारखेचा शिक्का. ‘काहीतरी चांगलं द्या ना’ हे वाक्य रोज ऐकलं. तुला ‘तू’ म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

पहिली गोष्ट ही, की तुझ्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. ‘मी हे वाचतेय’ हे सांगणं एक आणि ‘तू हे वाच’ हे सुचवणं दुसरं. सांगण्यात समोरच्यावर काहीच पडत नाही. सुचवलं की तिच्या डोक्यावर एक काम चढतं. आता हिला उत्तर द्यावं लागेल, आवडलं नाही तर तेही सांगावं लागेल. तू फोटो टाकतेस तेव्हा ते दोन्हींतलं कुठलं हे मैत्रिणींना कळत नाही, म्हणून त्या बदाम देऊन मोकळ्या होतात. त्यांचा आळस आहे असं मला वाटत नाही. मुखपृष्ठाला दुसरं उत्तर तरी काय द्यायचं?

सांगायचं असेल तर पुस्तक अर्धं असताना सांग. संपल्यावर आपण अभिप्राय देतो, ‘अप्रतिम’, ‘प्रत्येकाने वाचावं असं’. अशा शब्दांना धरून कोणी पुस्तकापर्यंत पोचत नाही. अर्ध्यात असताना आपल्याकडे ताजं काहीतरी असतं. मी सध्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचते आहे. शेजारणीला काल जिन्यात सांगितलं ते असं: ‘अहो, लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड, की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. आणि ही बाई ते सांगते कशी, तर रडगाणं नाही, राग नाही, हसवत हसवत सांगते. पुढे त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, श्रीमंत बुटींकडे कामाला होते, ते आपल्या नागपुरातच.’ एवढंच. ‘वाचा’ म्हणाले नाही. संध्याकाळी तिनेच विचारलं, ‘त्या बाईंचं पुढे काय झालं हो?’ मी म्हटलं, ‘नवरा ख्रिस्ती झाला, आणि ही मागे राहिली.’ पुस्तक मी अजून दिलेलं नाही. ती मागेल तेव्हा देईन.

यात तीन गोष्टी होत्या. पुस्तकातला एक प्रसंग, तो सांगणाऱ्या बाईचा आवाज, आणि नागपूरचा धागा. लेखिका मोठी, पुस्तक अभिजात, 1934 पासून भागाभागाने निघालं, हे सगळं खरं आहे, पण जिन्यात उभ्या असलेल्या बाईला त्याचा काही उपयोग नाही. तुला फोटो टाकायचाच असेल तर मुखपृष्ठाचा नको, आतल्या अर्ध्या पानाचा टाक. त्याहून बरं म्हणजे तो अर्धा परिच्छेद वाचून आवाजी निरोप पाठव. भांडी घासता घासता ऐकतील.

आता सुचवण्याकडे येते, खरी मेहनत तिथे आहे.

ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला एस. आर. रंगनाथन यांचे पाच नियम पाठ असतात. 1931 मध्ये त्यांनी ते मांडले. दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचायला दोन्ही सारखेच वाटतात, मलाही नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत तसंच वाटायचं. फरक टेबलावर कळला. आपल्याला एखादं पुस्तक आवडतं आणि आपण त्याला वाचक शोधायला निघतो, हा तिसरा नियम. तुझी दहांची यादी त्यातलीच. मैत्रिणीसाठी मात्र दुसऱ्यापासून सुरुवात करावी लागते. आधी ती कोण, कशी, सध्या कशात आहे हे पाहायचं, पुस्तक नंतर. मराठी कथा-कादंबऱ्यांना वर्गीकरणात 891.463 हा आकडा पडतो. त्या आकड्यावरून पुस्तक कपाटात सापडतं. ते कोणाच्या हाती द्यायचं हे आकडा सांगत नाही, ते विचारूनच कळतं.

विचारायचं काय? ‘तुला काय आवडतं?’ हे नको. त्यावर लोक आपल्याला शोभेल असं उत्तर देतात. मी विचारायचे, ‘शेवटपर्यंत वाचलेलं मागचं पुस्तक कोणतं?’ आणि त्याच्याइतकंच महत्त्वाचं, ‘अर्ध्यात सोडलेलं कोणतं, आणि कुठे सोडलं?’ दुसऱ्या प्रश्नाने माणूस खरं बोलायला लागतो. कोणी म्हणतं, पात्रं फार, नावं लक्षात राहत नाहीत. कोणी म्हणतं, वर्णनं लांब. एकीने मला सांगितलं होतं, ‘त्यात बाळ जातं, मग मी पुढे गेलेच नाही.’ तिला त्यानंतर काय द्यायचं नाही हे मला वेगळं विचारावं लागलं नाही.

एका गृहस्थांची आठवण सांगते, कारण त्यांच्यामुळे माझी सवयच बदलली. नुकतेच निवृत्त झालेले, सभासद होऊन महिना झालेला. म्हणाले, इतिहासाचं काहीतरी चांगलं द्या. मी जाडजूड ऐतिहासिक कादंबरी दिली. आठ दिवसांनी परत. दुसरी दिली, तीही परत. तिसरीही तशीच. दरवेळी ‘छान आहे’ म्हणायचे आणि पुस्तक टेबलावर ठेवायचे. तिसरी परत आली तेव्हा आत बसचं तिकीट खूण म्हणून होतं, पान 14 वर. मी त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, ‘काका, आवडत नाही का?’ ते म्हणाले, ‘आवडून राहिलं ना मॅडम, पण अक्षरं दिसून नाही राहिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. अन् झोपून वाचतो तर हात दुखते.’

एवढंच होतं ते. मी त्यांची आवड शोधत बसले होते आणि अडचण होती टाइपाची आणि वजनाची. त्यानंतर त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरातली, मोकळ्या ओळींची, हलकी पुस्तकं बाजूला काढून ठेवायला लागले. कुमारांसाठीच्या कपाटातली चरित्रंही दिली, आधी विचारून. सगळी वाचली त्यांनी. म्हणून आता माझं मत पक्कं आहे: पुस्तक वाचलं गेलं नाही तर आवडीला शेवटी दोष द्या. आधी पाहा की ती वाचते कधी, कुठे, आडवी पडून की गाडीत, अक्षर केवढं आहे, पुस्तक पर्समध्ये मावतं का.

तुझी जी मैत्रीण सीताबर्डीहून खापरीला मेट्रोने जाते, तिच्याकडे दिवसाचा तेवढाच वेळ आहे, तोही गर्दीत, बहुधा उभ्याने. तिला सहाशे पानं देऊ नकोस. ‘बनगरवाडी’ दे. 1955 चं पुस्तक आहे, अंगाने बारीक, एका हातात धरता येतं. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो आणि शाळेला पोरं जमवायच्या मागे लागतो, एवढ्यावर ते सुरू होतं. दोन स्टेशनांत दोन पानं झाली तरी उद्या धागा सापडतो. आणि जिला लहान बाळ आहे असं तू लिहिलंस, तिला सध्या कादंबरीच नको. तिला लेख दे, गोष्टी दे, एका दुधाच्या वेळेत संपेल असं काहीतरी.

त्यासाठी दिवाळी अंकासारखी सोय दुसरी नाही. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला ही सोय आहे, आणि सुचवण्यासाठी तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. अंक तसाच्या तसा दिला की तो चाळला जातो, पाककृती आणि राशिभविष्य पाहून परत येतो. मी काय करायचे, अनुक्रमणिकेत एका कथेसमोर पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचे. एकच. स्वतःच्या अंकावर, ग्रंथालयाच्या नव्हे. आणि देताना म्हणायचे, ‘टिंबाची तेवढी वाच, बाकीचं राहू दे.’ मागच्या वर्षी एक अंक पाच घरी फिरून माझ्याकडे आला तर त्यात आणखी तीन टिंबं होती, वेगवेगळ्या शाईची. कोणी कोणासाठी दिली मला माहीत नाही.

भाषेचंही बोलायला हवं. नागपुरात तुझ्या वयाच्या पुष्कळ मुली इंग्रजी शाळेतून आल्या, घरी मराठी, बाजारात हिंदी. मराठी त्यांना येते, पण वाचायचा वेग कमी, आणि ते सांगायची लाज वाटते. अशी मैत्रीण ‘वेळ नाही गं’ म्हणते. तिला जड भाषेचं पुस्तक दिलंस तर तिची लाज वाढते. तिच्यासोबत बसून पहिली दहा पानं मोठ्याने वाच. बोलीतली पुस्तकं इथे फार कामी येतात. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 ची, त्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात. डोळ्यांनी वाचताना ती भाषा अडते, पण आवाज दिला की आजोळ आठवतं. अमरावतीच्या, यवतमाळच्या आज्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना कौतिकचं बोलणं समजावून सांगावं लागत नाही. ती बाई घर कसं ओढून नेते ते वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं होतं आणि दोनदा परत उघडलं. पण हे ज्याला सध्या घरात पैशाची ओढाताण आहे त्याला देऊ नये. त्याच्या अंगावर येईल.

आणि जिच्या घरी दुःख झालं आहे तिचं काय? तू लिहिलंस, एकीचे वडील गेले. लोक अशा वेळी मृत्यूवरची, धीर देणारी पुस्तकं नेऊन देतात. हेतू चांगला असतो, पण पुस्तक बहुतेक न उघडताच परत येतं, मी ते टेबलावर कितीदा परत घेतलं आहे. शोकात माणसाला गोष्टीचा धागा धरून ठेवता येत नाही, मागचं पान विसरतं. मारुती चितमपल्लींचं रानावरचं लेखन मी अशा वेळी पुढे केलं आहे. आयुष्य वनखात्यात काढलेला माणूस, नवेगावबांधचं पाणी, पक्षी, झाडं, आपल्याच मुलखातलं रान. कुठलंही पान उघडावं, दोन पानं वाचावी, मिटावं. काही विचारत नाहीत ती पानं. तरी लगेच देऊ नकोस. महिना जाऊ दे. आधी नुसती जाऊन बस तिच्याजवळ.

आवड सुधारण्याच्या फंदात पडू नकोस. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचून कित्येक घरांत वाचनाची सवय लागली. रहस्यकथा मागणाऱ्याकडे पाहून नाक मुरडणारे सहकारी मी पाहिले आहेत, आणि तो सभासद पुन्हा त्यांच्या पाळीत न आलेलाही पाहिला आहे. आणखी एक समज आहे, की आधी हलकं वाचतील मग हळूहळू ‘चांगल्या’कडे येतील. माझ्या पाहण्यात तसा जिना नाही. एकच बाई सोमवारी भयकथा न्यायची आणि गुरुवारी ज्ञानेश्वरीवरचं विवरण. दोन्ही मन लावून वाचायची.

दीक्षाभूमीचं एक सांगते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे स्टॉल किती लागतात हे तू पाहिलंच असशील. मी दरवर्षी एक दुपार तिथे काढायचे. गावागावांतून आलेली माणसं शिदोरीच्या पिशवीत पुस्तकं भरून नेतात, स्वतःसाठी आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी. एकदा माझ्या शेजारी एक वयस्क बाई उभी होती. स्टॉलवाल्याला म्हणाली, ‘माह्या सुनेले वाचता येते, मले नाही येत. तिनं वाचून दाखवलं तर मले समजलं पाहिजे, असं दे भाऊ.’ त्याने तीन पुस्तकं काढली, प्रत्येकाची चार-चार वाक्यं वाचून दाखवली. तिने ऐकून एक निवडलं. वाचणारी कोण, ऐकणारी कोण, वाचलं कसं जाणार, सगळं तिच्या एका वाक्यात होतं, आणि त्या माणसाने गठ्ठा न देता आवाज दिला. एकतीस वर्षांत मी शिकले ते त्या दोघांनी पाच मिनिटांत माझ्यासमोर केलं.

पुस्तक उसनं देण्याबद्दल थोडं. एका वेळी एकच द्यायचं. दहांची यादी म्हणजे दहा कामं, आणि माणूस त्यातलं एकही हाती घेत नाही. देतानाच सुटका देऊन टाक: ‘तीस-चाळीस पानांत मन लागलं नाही तर परत दे, मी कारण विचारणार नाही.’ आणि खरंच विचारू नकोस. ‘वाचलं का?’ हा प्रश्न मैत्रीत वसुलीसारखा लागतो. कोणाला काय दिलं ते वहीत तारखेसह लिहून ठेव, नाहीतर सहा महिन्यांनी उगाच मनात किल्मिष येतं. जे पुस्तक तुला जिवापाड आहे ते देऊ नकोस. बर्डीवर जुन्या पुस्तकांत त्याची दुसरी प्रत सापडली तर ती घेऊन ठेव, द्यायला. परत आली नाही तरी चालेल अशीच प्रत हातातून सुटावी.

‘मृत्युंजय’चा तिढा सोडवू या. 1967 चं ते पुस्तक कर्णाचं, पण सांगणारे अनेक आहेत. कर्ण स्वतः, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण. कथा तर आपल्या सगळ्यांना आजीपासून ठाऊक. मग पहिल्या पानापासूनच सुरू करायला हवं असं कुठे आहे? तुझ्या मैत्रिणीला सांग, कुंती बोलते तो भाग काढ आणि तेवढाच वाच. कोवळ्या वयात पदरात पडलेलं मूल जिला नदीत सोडावं लागलं ती बाई काय म्हणते ते पाहा. तिथून ती मागे जाईल किंवा पुढे, किंवा तेवढंच वाचून थांबेल. तेही वाचनच आहे. आणि तुम्हा दोघींमध्ये जो अवघडलेपणा साचला आहे तो तूच मोड, कारण यादी तुझी होती. म्हणावं, ‘मी एकदम ढीग दिला गं, चुकलं माझं.’

तूही कोणाकडून घे. सातजणींत सुचवणारी एकटी तूच असशील तर ती शिकवणी होते. जी रोज गुन्ह्यांच्या मालिका पाहते असं तू लिहिलंस, तिला विचार, ‘मला एक रहस्यकथा दे.’ दिली की आठ दिवसांत वाच आणि कुठे चकलीस ते सांग. टेबलावर मला उत्तम पुस्तकं सभासदांनीच सांगितली आहेत.

राहिला शेवटचा प्रश्न, कोणीच वाचलं नाही तर सांगत राहावं का.

पूर्वी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असायची. पुस्तक गेलं की परतीची तारीख त्यावर उठायची. आमच्याकडे विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ची एक प्रत होती. 1939 ची ती छोटी कादंबरी, युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवरची, महायुद्ध दाराशी आलेलं. आमची प्रत नंतरच्या आवृत्तीची, खाकी बायंडिंगची. चिठ्ठीवर सुरुवातीला तारखा दाट होत्या, मग विरळ, आणि मग नऊ वर्षं एकही नाही. नऊ वर्षं ते पुस्तक खणात उभं होतं. मी ते दोन-तीन जणांना सुचवून पाहिलं होतं, कोणी नेलं नाही. मग एका संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या एका बाई आल्या, त्यांना मी त्या बोटीवरच्या मुलीबद्दल, हेर्टाबद्दल, उभ्या उभ्या दोन वाक्यं सांगितली. त्यांनी नेलं. चौथ्या दिवशी परत आणलं, डोळे सुजलेले, काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गल्लीतली एक बाई आली आणि म्हणाली, ‘ते बोटीचं पुस्तक द्या.’ नाव तिला माहीत नव्हतं. मग तिची जाऊ आली, मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला मुलगा आला. सगळे ‘बोटीचं पुस्तक’ म्हणायचे.

वर्ष संपायच्या आत चिठ्ठीवर जागा उरली नाही. मी दुसरी कापली, खळ लावली, आणि पहिलीच्या वर चिकटवली, खालच्या दोन तारखांमधला नऊ वर्षांचा खंड दिसेल अशी थोडी वर सरकवून.